झाकणापाशी कोण उभं आहे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

बंदिस्त जागेत उतरून करायच्या कामांबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. कोल्हापुरातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या आवारांतून आलेली पत्रं जास्त निघाली, म्हणून हा अंक त्यांनाच. मी आधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत आणि नंतर एका साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो, आता प्रशिक्षण देतो. त्यामुळे उत्तरं त्या अनुभवातूनच येणार.

प्रश्न : मी एका शैक्षणिक आवारात कनिष्ठ अभियंता आहे. उन्हाळी सुट्टीत वसतिगृहांच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या, सेप्टिक टाक्या, केबलचे डक्ट आणि एक जुनी विहीर साफ करून घ्यायची असते. ठेकेदार म्हणतो, "वीस वर्षं करतोय साहेब, मेणबत्ती सोडून बघतो, विझली नाही की माणूस उतरवतो." वरिष्ठ म्हणतात, आपला काही कारखाना नाही, एवढे सोपस्कार कशाला. कमीत कमी काय करावं?
– एक अभियंता, कोल्हापूर

उत्तर : पहिलं काम म्हणजे तुमच्या यादीतून सेप्टिक टाकी वेगळी काढा. तिथं माणूस उतरवायचाच नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे आणि तो कारखान्यांपुरता नाही. त्याचं कलम ७ सांगतं की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणार नाही. त्यातला 'अप्रत्यक्षपणे' वरिष्ठांना मोठ्यानं वाचून दाखवा. ठेकेदार मध्ये घातला म्हणजे आपण सुटलो, हा समज तिथंच संपतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नियमांत मोजके अपवाद आहेत, पण त्यांनाही स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि पूर्ण साधनं लागतात. तेव्हा सक्शन गाडी बोलवा. गाडी आत येत नसेल तर लांब पाइप मागवा, कंपाउंडची भिंत चार फूट फोडावी लागली तरी फोडा.

आता मेणबत्ती. आपल्याकडं गावोगाव विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची किंवा दोराला झाडाची फांदी बांधून वरखाली हलवायची रीत आहे. ज्यांनी ती पाडली त्यांनी विहिरीतली माणसं मरताना पाहिली होती, त्या रीतीला मी हसणार नाही. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण सोळा टक्क्यांपर्यंत खाली आल्यावर. चांगल्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की माणसानं आत जायचं नाही. म्हणजे ज्योत जळत असताना माणूस धोक्यात असू शकतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू ज्योतीला कळत नाही. आणि मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के साठला असेल, तर मेणबत्तीच स्फोट घडवते.

"वास आला तर कळेल की" असंही ठेकेदार सांगेल. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, हे खरं आहे. पण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला, की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती मारली जाते. गड्याला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. गाळात पाय घातला की तळाशी अडकलेला वायू बुडबुड्यांनी वर येतो, त्यामुळे झाकण काढून तासभर ठेवलं होतं, या बोलण्याला अर्थ राहत नाही.

म्हणून चार वायूंचा मीटर घ्या. ऑक्सिजन, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तो एकाच वेळी दाखवतो. वापरायची पद्धत अशी. मीटर बाहेर मोकळ्या हवेत चालू करा, तिथं ऑक्सिजन २०.९ दिसलाच पाहिजे. नळी लावा आणि झाकण पूर्ण उघडण्याआधी फटीतून आत सोडा. मग वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी करा. मिथेन हलका म्हणून वर जमतो, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाशी बसतात, कार्बन मोनॉक्साइड साधारण हवेच्याच वजनाचा असल्यानं कुठंही सापडतो. प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं थांबा, लांब नळीतून हवा वर यायला लागतो तो वेळ वेगळा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, जळणारा वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (मिथेनसाठी ती हवेत पाच टक्के) दहा टक्क्यांच्या आत, दहा लाख भागांत हायड्रोजन सल्फाइड दहाच्या आत, मोनॉक्साइड पस्तीसच्या आत. यातलं एकही बाहेर गेलं तर उतरायचं नाही.

मी स्वतः याहून कडक असतो. मीटर २०.९ ऐवजी १९.९ दाखवत असेल तर नियमानं जाता येतं, पण मी थांबवतो. हवेचा जेमतेम पाचवा हिस्सा ऑक्सिजन असतो. तो एक टक्का घटला असेल तर दुसरा कुठला तरी वायू जवळजवळ पाच टक्के आत शिरलेला असू शकतो. तो कोणता, याचं उत्तर मिळेपर्यंत ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर चालू आणि माणूस बाहेर.

पिण्याच्या पाण्याची टाकी स्वच्छ दिसते म्हणून तिथं कुणी मीटर लावत नाही, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. बंद लोखंडी टाकी गंजताना आतला ऑक्सिजन खाते. नवा इपॉक्सी रंग दिला की त्याचा पातळ करायचा द्रव वाफ होऊन साठतो. आणि उरलेलं पाणी उपसायला पेट्रोलचा पंप टाकीत उतरवतात किंवा तोंडापाशी ठेवतात. त्याचा धूर आत भरतो, मोनॉक्साइडला ना रंग ना वास. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तळघरं उपसताना आपल्या शहरात हीच भीती होती. पंप विजेचाच वापरा आणि जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब ठेवा. आतला हातदिवा चोवीस व्होल्टच्या वर नको. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं हे आम्हाला पाठ होतं, ओल्या टाकीला ते तितकंच लागू पडतं.

ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडा आणि ब्लोअर ताजी हवा ओढतोय ना, हे बघा. कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडायचं सुचवलं तर हात धरा. ऑक्सिजन जास्त झाला की कपडे आणि केससुद्धा भडकन पेटतात. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क या कामात शून्य उपयोगाचा, कारण जो ऑक्सिजन हवेत नाही तो मास्क कुठून आणणार?

आणि वरिष्ठांकडून कागदावर एक सही घ्या. कोण उतरणार, मोजणी काय आली, किती वाजेपर्यंत परवानगी आणि झाकणापाशी कोण उभा राहणार, हे त्यावर हवं. जेवणाच्या सुट्टीनंतर मोजणी नव्यानं करायची. झाकणापाशी उभा राहणारा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याबद्दल पुढच्या पत्रात.

प्रश्न : मी वसतिगृहावर सुरक्षारक्षक आहे. टाकीत माणसं उतरतात तेव्हा "जरा लक्ष ठेव" म्हणून मला तिथं उभं करतात. आतला माणूस पडला तर मी काय करायचं? मला पोहता येतं, दोरावरूनही उतरता येतं.
– एक सुरक्षारक्षक, राजारामपुरी

उत्तर : दादा, तुम्ही उतरायचं नाही. तुमचा जीव वर आहे तोवरच खालच्याला आशा आहे.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेनं १९८६ मध्ये सांगितलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृतांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला उतरलेले होते. मी एका कारखान्यात मळीच्या टाकीपाशी हेच पाहिलं. पहिला खाली कोसळला, त्याचा सख्खा भाऊ शिडीनं धावत उतरला, त्याच्यामागं तिसरा. तिघंही धडधाकट होते, तालमीत घुमलेले. पण ज्या हवेनं पहिल्याला पाडलं तीच हवा दुसऱ्याच्या छातीत जाते आणि त्याला विचार करायलाही वेळ देत नाही.

मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. अग्निशमन दलाची गाडी इतक्या लवकर क्वचितच पोचते. म्हणून माणूस बाहेरूनच ओढून काढता येईल अशी सोय तो उतरण्याआधी हवी. तोंडावर तिपाई, तिला विंच म्हणजे तार गुंडाळायची चक्री, विंचीची तार उतरणाऱ्याच्या अंगभर पट्ट्यांच्या हार्नेसला पाठीमागं खांद्यांच्या मध्ये अडकवलेली. कमरेला दोर बांधून भागत नाही. बेशुद्ध माणूस कमरेतून ओढला की दुमडतो, आणि दोन फुटांच्या तोंडातून दुमडलेलं अंग बाहेर येत नाही. खांद्यांमधून ओढला तर तो सरळ उभा वर येतो. ओल्या कपड्यांतला सत्तर किलोचा माणूस नुसत्या दोरानं दोघांना ओढवत नाही, विंच एकट्यानं फिरवता येते. साहेबांना सांगा, एकदा वाळूचं पोतं उतरवून वर काढून दाखवा, तेव्हाच कुठं काय अडकतं ते कळेल.

तिथं उभं असताना दुसरं कुठलंही काम घेऊ नका, फाटकावर जा म्हटलं तरी नाही. आतल्याशी सतत बोलत राहा. उत्तर अडखळलं किंवा भलतंच आलं की कारण शोधत बसू नका, लगेच वर घ्या. पडला तर आरडाओरडा करून माणसं बोलवा, विंच फिरवा, ब्लोअर बंद पडला नाही ना ते बघा, ११२ किंवा १०१ ला फोन करा. 'टाकीत माणूस, वायूचा संशय' एवढं आधी सांगा, म्हणजे ते श्वसनयंत्र घेऊन येतील. आणि जमलेल्यांतला कुणी उतरू लागला तर त्याला धरून ठेवा, मग तो आतल्याचा भाऊ का असेना. हे करायला उतरण्यापेक्षा जास्त छाती लागते.

तिपाई, विंच, हार्नेस नसेल तर उभं राहायला नकार द्या. कारण अशा वेळी तुम्ही फक्त बघणार आहात.

प्रश्न : माझे मालक एका ठेकेदाराकडं रोजंदारीवर आहेत. होस्टेलच्या संडासाच्या टाकीत उतरवतात आणि त्या दिवशी पैसे जास्त देतात. घरी आले की डोळे लाल, डोकं धरून बसतात. नको म्हणावं तर काम जातं. हातावर पोट आहे, काय करू?
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : ताई, डोळे लाल होणं आणि डोकं धरणं हा नुसता थकवा नसावा. असं टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं होतं, आणि पुढच्या वेळी तो एवढ्यावर सोडेल याची खात्री नाही. आधी त्यांना सीपीआर रुग्णालयात दाखवा आणि कोणत्या कामानंतर त्रास होतो ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, केसपेपरवर लिहून घ्या.

त्यांना असं काम लावणं हाच कायद्यानं गुन्हा आहे. उतरणारा गुन्हेगार नाही, उतरवणारा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला तीस लाख आणि कायमचं अपंगत्व आल्यास वीस लाख भरपाई द्यायला सांगितली. हे मी तुम्हाला आशा म्हणून सांगत नाही, तो पैसा कुणाच्याही वाट्याला येऊ नये. सांगतोय एवढ्यासाठी की ठेकेदारापुढं हा आकडा उच्चारला तर त्याला सक्शन गाडीचं भाडं स्वस्त वाटू लागेल.

एकट्यानं नकार दिला तर काम जातं, ही तुमची भीती खरी आहे. म्हणून त्यांच्याबरोबरच्या चौघा-पाचजणांनी मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, तारीख आणि जागा घालून, आणि पोच घ्यावी. ज्या संस्थेचं होस्टेल आहे तिच्या कुलसचिवांना किंवा प्राचार्यांना त्याची प्रत द्या. कागद टेबलावर आला की 'आम्हाला माहीत नव्हतं' असं त्यांना म्हणता येत नाही. अर्ज लिहून द्यायला कुणी नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी लिहून देईन.

प्रश्न : मी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करतो. आमच्या लहान खोलीत द्रवरूप नायट्रोजनचं भांडं असतं. एसीमुळं दार-खिडक्या बंद. ही बंदिस्त जागा धरायची का?
– एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : होय, आणि हे विचारलंत ते बरं झालं. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. दहा लिटर सांडला तर सात घनमीटर, म्हणजे तुमच्या लहान खोलीतल्या हवेचा मोठा हिस्सा. नायट्रोजनला वास नाही आणि त्यानं गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. माणूस काही न कळता खाली बसतो.

घरगुती एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. तेव्हा एक्झॉस्ट लावा, जमिनीलगत, कारण थंड वायू खालीच बसतो. ऑक्सिजनचा अलार्म आत बसवा आणि आकडा दाराबाहेर दिसेल असा लावा. भांडं भरताना दार उघडं आणि बाहेर एकजण. लिफ्टमधून नेताना भांडं एकटंच पाठवा, माणसानं जिन्यानं जावं, आणि वरच्या मजल्यावर ते उतरवून घ्यायला दुसरा थांबलेला असावा. मधल्या मजल्यावर कुणी लिफ्टमध्ये शिरू नये म्हणून भांड्यालाच मोठ्या अक्षरांत पाटी अडकवा. अलार्मचा सेन्सर काही वर्षांत संपतो, त्याची बदलायची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा आणि ती उलटून गेली असेल तर नवा येईपर्यंत खोलीत नायट्रोजन आणू नका.