रस्त्याकडेच्या झाडाखाली उगवलेली अळंबी कोणती, हे कसं ओळखायचं? ती खाता येईल का?

नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून जात सांगता येत नाही. आधी ती कशातून उगवली आहे ते बघा. बुंध्यालाच चिकटलेली, लाकडासारखी टणक आणि वर लाखेसारखी चकाकी असेल तर बहुधा गॅनोडर्मा. ती मुळं आणि बुंधा आतून कुजवते, म्हणून झाडांची देखभाल करणाऱ्यांना जरूर कळवा.

मातीतून आली असेल तर उपटू नका, खालून उकरून अख्खी काढा. अमानिटा वंशातल्या बऱ्याच जातींच्या देठाच्या तळाशी पिशवीसारखं आवरण असतं. घाईत उपटलं की ते मातीतच राहतं आणि सगळ्यात महत्त्वाची खूण हातची जाते. याच वंशातली डेथ कॅप जीवघेणी आहे. उलट्या-जुलाब सहसा 6 तासांनंतर सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं.

मग टोपी कापून कल्ले (टोपीच्या आतल्या बाजूच्या पातळ पात्यांसारख्या पट्ट्या) खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा ठसा दिसेल. ठसा हिरवट आला तर ती क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस असण्याची दाट शक्यता आहे. गवतात सर्रास उगवणारी ही विषारी अळंबी कोवळी असताना कल्ले पांढरेच दिसतात, म्हणून तर लोक फसतात.

खाण्याचं म्हणाल तर नकोच. जात खाण्याजोगी निघाली तरी रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं आणि कॅडमियम अळंबी शोषून घेते, आणि ते शिजवून जात नाही.