पर्सोनात सराफा कशाला?

माहेश्वरी साड्यांच्या वेबसाइटसाठी तू केलेला पर्सोना, म्हणजे नमुना ग्राहकाचं शब्दचित्र, वाचला. 'वय 42, राहणार इंदूर, सराफ्यात खायला आवडतं.' चेहरा डोळ्यांसमोर येतो खरा, पण डिझाइन ठरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार काय, अख्ख्या इंदूरलाच आवडतो! त्याऐवजी असं लिही: फोटो मोठा करून साडीचे काठ बघते, नणंदेला व्हॉट्सॲपवर पाठवते, पैसे मात्र साडी हातात आल्यावरच देते. आता झूम आणि शेअर कुठे हवं, ते आपोआप कळतं.

साइट वापरून बघायच्या चाचणीसाठी माणसंही वयावरून नको, वागण्यावरून निवड. ऑफिसातली मंडळी तर नकोतच, त्यांना साइटचा मेन्यू तोंडपाठ असतो. फोनवर 'ऑनलाइन साड्या घेता का?' असं विचारलंस तर मानधनापायी सगळेच हो म्हणतील. 'शेवटचं काय मागवलंत, पैसे कसे दिलेत?' असं विचार. खरंच घेतलेलं असेल तर माणूस तपशील सांगतो.

पाच माणसं पुरतात, हे वेबसाइट-वापराचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं 2000 सालचं म्हणणं तुला सगळे ऐकवतील. हिशेब असा की एक जण सरासरी 31 टक्के अडचणी दाखवतो, पाच मिळून 85 टक्के. पण तो एकसारख्या वापरकर्त्यांपुरता. तुझ्याकडे घरगुती आणि घाऊक असे दोन गट आहेत, तेव्हा प्रत्येकी तीन-चार घे. वर एखादा जादा ठेव, कुणीतरी दांडी मारतंच. आणि रंगपंचमीची तारीख देऊ नकोस, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून कुणी यायचं नाही.