मुरुमांच्या गोळीनं ल्युपस झाला, दावा कुणावर लावायचा?

प्रश्न: माझ्या मुलीला (वय 23) मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी मिनोसायक्लिन (अँटिबायोटिक) 100 मिग्रॅ. सुरू केली. ती सोळा महिने चालली. मध्येच बोटांचे सांधे सुजून दुखायला लागले, डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी असेल. शेवटी संधिवाततज्ज्ञांनी गोळीमुळे झालेला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असल्याचं सांगून गोळी बंद केली. आता तिला बरंच बरं आहे, पण नोकरी गेली. डॉक्टर आणि कंपनी दोघांवर केस करता येईल का? पोलिसात जाऊ का? – एक वडील, सांगली

उत्तर: तुम्ही पाठवलेले केसपेपरचे फोटो मी दोनदा बघितले. आधी न आवडणारं सांगतो. गोळीमुळे ल्युपस झाला, एवढ्यानं डॉक्टर दोषी ठरत नाहीत. या गोळीनं असं होऊ शकतं हे 1990च्या दशकापासून डॉक्टरांना माहीत आहे, पण होतं क्वचित. समोरचा वकील या ‘क्वचित’लाच धरून बसेल. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयानं रुग्णाला पुरेशी माहिती देणं आवश्यक ठरवलं, पण प्रत्येक दूरची शक्यता सांगितलीच पाहिजे असं म्हटलं नाही. तेव्हा ‘आम्हाला ल्युपसचं सांगितलंच नाही’ यावर दावा उभा करू नका.

तुमचा दावा आहे तो दहाव्या महिन्याच्या केसपेपरवर. तिथं डॉक्टरांच्याच अक्षरात ‘जॉइंट पेन’ लिहिलंय आणि खालच्या ओळीत पुन्हा तीच गोळी, 30 दिवस. पुढच्या दोन्ही भेटींत तेच. रक्ताची तपासणी नाही, गोळी थांबवणं नाही. त्यात मुरुमांसाठी पोटातून घ्यायची अँटिबायोटिक साधारण तीन-चार महिन्यांवर नेऊ नये, असं त्वचारोगाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तक्रार ऐकूनही औषध चालू ठेवलं, हा हलगर्जीपणाचा मुद्दा मला भक्कम वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. अकराव्या ते तेराव्या महिन्यात एकही भेट दिसत नाही, तरी गोळ्या चालूच. म्हणजे जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणल्या ना? डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, असं औषध नियम, 1945 मधला नियम 65 सांगतो. दुकानदाराची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जरूर करा. पण हे तीन महिने तुमच्यावरही उलटतील. वकिलापासून ते लपवू नका, उलटतपासणीत निघतंच.

‘ल्युपस तरुण मुलींना आपोआपही होतो,’ हा बचाव नक्की येणार. त्याला उत्तर म्हणजे गोळी बंद केल्याची तारीख आणि त्यानंतर दुखणं कसं ओसरलं याच्या नोंदी. अँटिहिस्टोन चाचणी (औषधामुळे झालेल्या ल्युपससाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली म्हणून तुम्ही घाबरलाय, पण मिनोसायक्लिनच्या ल्युपसमध्ये ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. संधिवाततज्ज्ञांकडून हे लेखी घ्या. या कागदाशिवाय ग्राहक आयोगापुढे उभं राहण्यात अर्थ नाही.

कंपनीवर जाण्याचा उत्साह समजतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 खाली अपुऱ्या सूचनेसाठी उत्पादक जबाबदार धरता येतो. पण कलम 87 त्याला वाट देतं: तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं उत्पादन असेल आणि त्या तज्ज्ञाला पुरेसा इशारा दिला असेल, तर कंपनी सुटते. औषधाच्या माहितीपत्रकात ल्युपसचा उल्लेख असला तर तो विषय तिथंच संपला. उलट तेच पत्रक डॉक्टरांविरुद्ध दाखवा.

पोलिसात जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (2005) फौजदारीसाठी हलगर्जीपणा फार गंभीर लागतो, शिवाय दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांवर कारवाई करू शकते, पण भरपाई तिथं मिळत नाही.

तेव्हा सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. मुलगी सज्ञान आहे, तक्रार तिच्याच नावानं करा. तुम्ही राहता तिथं ती दाखल करता येते. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) ठरते ती डॉक्टरांना दिलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. ती रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं फी लागणार नाही. मुदत दोन वर्षांची. ती निदानाच्या तारखेपासून धरता येईल, पण जोखीम नको, ‘जॉइंट पेन’ लिहिलेल्या दिवसापासून मोजा. नोकरीचं नुकसान मागायचं तर पगारपत्रकं आणि रजेचे अर्ज आत्ताच गोळा करा.

आणि या आठवड्यात एवढं करा. मुलीच्या सहीनं डॉक्टरांना पत्र द्या, पूर्ण केसपेपरच्या प्रती मागा. मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. पत्राची पोच घ्या, ती मिळाली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा. भरपाईची नोटीस त्यानंतर. आधी नोटीस गेली, तर तुमच्या हातात फक्त मोबाइलमधले फोटो उरतील.