सेलमचे चेटूक-खटले : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, प्युरिटन (कडक आचरणाच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती) पंथीयांच्या सेलम परिसरात १६९२-९३ मध्ये चेटुकाचे खटले चालले. त्याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

सेलममध्ये किती बायकांना जिवंत जाळलं? (नाशिक)

एकीलाही नाही. वसाहत इंग्लंडच्या राजवटीखाली होती आणि इंग्लिश कायद्यात चेटुकाला फाशी होती. जाळण्याची शिक्षा युरोपातल्या इतर अनेक देशांत दिली जाई. सेलममध्ये १९ जण फासावर गेले, त्यात १४ स्त्रिया आणि ५ पुरुष. एका म्हाताऱ्याचा दगडांच्या वजनाखाली जीव गेला आणि किमान ५ जण तुरुंगात मेले.

पुरुषांपैकी जॉर्ज बरोज हा तर त्याच गावचा जुना धर्मोपदेशक. चेटक्याला प्रभूची प्रार्थना न चुकता म्हणता येत नाही, अशी समजूत होती. १९ ऑगस्टला फाशीच्या जागी त्याने ती स्पष्ट म्हणून दाखवली. जमाव चुळबुळला, पण फाशी थांबली नाही.

शेजारणीवर आळ घेण्यापासून फाशीपर्यंत प्रकरण जायचं कसं? मध्ये कोणी अडवत नव्हतं का? (सांगली)

पायऱ्या सगळ्या होत्या, आणि कागदोपत्री रीतसर होत्या. जानेवारी-फेब्रुवारीत पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुलींना, नऊ वर्षांची बेटी आणि अकरा वर्षांची ॲबिगेल यांना, झटके येऊ लागले. २९ फेब्रुवारीला चार पुरुषांनी दंडाधिकाऱ्यांकडे चेटुकाची तक्रार दिली. वॉरंट निघालं आणि १ मार्चला गावच्या प्रार्थनाघरात सगळ्यांदेखत चौकशी झाली. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्नने सेरा गुड या आरोपी बाईला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, तुझी ओळख कोणत्या दुष्ट आत्म्याशी आहे? म्हणजे गुन्हा आधीच धरून चाललेला. पुढे तुरुंग, मग आरोप मंजूर करणारी मोठी ज्यूरी (नागरिकांचं पंचमंडळ), मग खटल्याची ज्यूरी. आरोपीला वकील नव्हता. मे अखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी खास न्यायालय नेमलं, मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. ब्रिजेट बिशपचा खटला २ जूनला चालला आणि १० जूनला तिला फाशी झाली.

सगळं बिघडलं ते पुराव्यात. ‘हिची छाया रात्री येऊन मला चिमटे काढते’ अशी साक्ष ग्राह्य धरली गेली. छाया दिसते फक्त पीडितेला. आरोपीने ‘मी त्या रात्री घरी होते’ म्हणून साक्षीदार आणले तरी उपयोग शून्य, कारण देह घरी राहून छाया बाहेर हिंडते हे कोर्टाने मानलेलंच होतं. या पुराव्याला उलट पुरावा देताच येत नाही. दुसरी कसोटी स्पर्शाची. झटके आलेल्या मुलीला आरोपीने हात लावल्यावर ती शांत झाली, की चेटूक सिद्ध. तिसरी अंगझडती. बायकांचं पथक अंगावर ‘सैतानाचं स्तनाग्र’, म्हणजे सैतानाचे दूत जिथून चोखतात असं मानलेली खूण, शोधे. बिशपच्या अंगावर सकाळी अशी खूण सापडल्याचं लिहिलं आहे आणि त्याच दिवशी दुपारच्या तपासणीत ती नाही, असंही लिहिलं आहे. तरी निकाल बदलला नाही.

अडवणारे होते. न्यायाधीश नॅथॅनिएल सॉल्टन्स्टॉल न्यायालय सोडून गेला. ७१ वर्षांच्या रिबेका नर्सला ज्यूरीने निर्दोषही ठरवलं होतं. मुलींनी आकांत मांडला, स्टॉटनने तिच्या एका वाक्याकडे बोट दाखवून फेरविचार करायला सांगितलं. तिला नीट ऐकू येत नव्हतं. त्या वाक्याचा खुलासा मागितला तेव्हा ती गप्प राहिली. निकाल फिरला आणि १९ जुलैला तिला फाशी दिली. साऱ्या प्रकरणात आम्हाला हा निकाल सर्वांत लाजिरवाणा वाटतो.

कबुली दिली ते वाचले आणि नाकारलं ते मेले, हे खरं? (ठाणे)

बऱ्याच अंशी खरं. कबुली देणाऱ्यांकडून आणखी नावं मिळत, म्हणून त्यांना राखून ठेवलं जाई. पॅरिस यांच्याकडची गुलाम स्त्री टिटुबा हिने मार्चमध्येच कबुली दिली आणि सैतानाच्या वहीत त्याला सामील झालेल्यांच्या नऊ खुणा पाहिल्याचं सांगितलं. तोवर पकडल्या होत्या तिघीच. मग उरलेल्यांचा शोध सुरू झाला. पुढे पन्नासच्या आसपास लोकांनी कबुल्या दिल्या. अँडोव्हरच्या सॅम्युएल वॉर्डवेलने दिलेली कबुली मागे घेतली, त्याला २२ सप्टेंबरला फाशी झाली. जॉन प्रॉक्टरने तुरुंगातून पाद्र्यांना पत्र लिहिलं, त्यात कबुलीसाठी आपल्या मुलाची मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवल्याचं नोंदवलं आहे.

सुटका झाली तरी तुरुंगाचा खर्च, बेड्यांसकट, कैद्याच्याच माथी. पैसे न भरल्यामुळे टिटुबा वर्षभराहून जास्त काळ आत राहिली. सेरा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीही बेड्यांत होती.

जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडण्याची शिक्षा झाली होती का? (रत्नागिरी)

ती शिक्षा नव्हती, तोंड उघडायला लावण्याचा उपाय होता. ‘देव आणि देश’ यांच्याकडून न्याय मान्य आहे, असं आरोपीने म्हटल्याशिवाय ज्यूरीपुढे खटला उभा राहत नसे. ऐंशीच्या आसपासच्या कोरीने ते म्हणायचं नाकारलं. छातीवर वजन वाढवत नेलं आणि १९ सप्टेंबरला तो मेला. तीन दिवसांनी त्याच्या बायकोला, मार्थाला, फाशी झाली.

मुलींनी खाल्लेल्या राय धान्यातल्या बुरशीमुळे झटके आले, असं वाचलं. (कोल्हापूर)

ही कल्पना १९७६ मध्ये मांडली गेली आणि त्याच वर्षी खोडलीही गेली. विषबाधा एकाच ताटात जेवणाऱ्या सगळ्या घराला झाली असती. शिवाय आरोपी समोर आला की झटका, त्याने हात लावला की आराम, असं बुरशीने होत नाही.

हे थांबलं कसं? (पुणे)

आरोप बड्या घरांपर्यंत पोचले. ऑक्टोबरमध्ये बोस्टनचे वजनदार पाद्री इन्क्रीज मॅथर यांनी लिहिलं की एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. त्याच महिन्यात फिप्स यांनी खास न्यायालय गुंडाळलं. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयात छायेची साक्ष बाद झाली, तेव्हा बहुतेक जण सुटले. तिघांना दोषी ठरवलं, त्यांची फाशी फिप्सने रोखली. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअलने भर प्रार्थनाघरात उभं राहून आपला दोष मान्य केला. १७११ मध्ये अनेकांवरचा कलंक कायद्याने पुसला आणि ५७८ पौंडांची भरपाई ठरली. काही नावं मात्र राहूनच गेली. त्यांतली एलिझाबेथ जॉन्सन (धाकटी) शाळकरी मुलांच्या पाठपुराव्यामुळे २०२२ मध्ये निर्दोष ठरली.