शिफारशीवर सदस्यत्व द्यावे का? ॲडव्होगाटोचा जुना अनुभव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातील साखळी-डिचोली भागात मुक्त सॉफ्टवेअरचे आणि मराठी-कोंकणी भाषांतराचे काम करणाऱ्या चाळीसेक जणांची नोंदवही आपण संकेतस्थळावर उघडली, दोन महिन्यांत तिच्यात बनावट खाती शिरली, आणि आता ‘पाच जुन्या सदस्यांची शिफारस असेल त्यालाच पूर्ण सदस्यत्व’ असा नियम करावा, असे आपल्या मित्राचे म्हणणे आहे. शिफारशीची कल्पना मला मान्य आहे. शिफारशी नुसत्या मोजण्याची मान्य नाही. त्याचे कारण सांगण्यासाठी मला पंचवीस वर्षे मागे जावे लागेल.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या राफ लेव्हिएन यांनी १९९९ च्या अखेरीस मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी ‘ॲडव्होगाटो’ हे संकेतस्थळ सुरू केले. (नाव वाचून आपल्याकडच्या जुन्या मंडळींना पोर्तुगीज अमदानीतला ‘आदव्होगाद’, म्हणजे वकील, आठवेल; ते साम्य इथे बाजूला ठेवू.) तिथे सदस्य एकमेकांना दाखले, म्हणजे आपल्या भाषेत शिफारशी, देत. अप्रेंटिस (शिकाऊ), जर्नीयर (तयार कारागीर) आणि मास्टर (उस्ताद) अशा तीन चढत्या पातळ्या होत्या आणि ज्याला कोणतीच मिळाली नाही तो ऑब्झर्व्हर (नुसता पाहणारा) राही. एखाद्याची पातळी कोणी संचालक ठरवत नसे, ती सगळ्यांच्या दाखल्यांवरून गणिताने निघे. लेव्हिएन यांचा संशोधनाचा विषयच तो होता: कोणी मुद्दाम फसवायला बसले तरी कोलमडणार नाही असे विश्वासाचे मोजमाप कसे करावे. ॲडव्होगाटो ही त्या संशोधनाची चालती प्रयोगशाळा होती.

आता आपल्या मित्राचा नियम तपासू. शिफारस कोणीही देऊ शकत असेल, तर फसवणाऱ्याने सहा खाती उघडली की काम झाले; सहाही जण उरलेल्या पाचांना शिफारस देतात आणि प्रत्येकाच्या नावावर बरोबर पाच शिफारशी जमा होतात. केवळ पूर्ण सदस्यांचीच शिफारस धरायची म्हटले तरी धोका फक्त पुढे ढकलला जातो. कारण पाच बनावट खाती एकदा कशीबशी आत आली, की ती पाच मिळून सहाव्याला, सातव्याला, पाचशेव्याला आत घेऊ शकतात, आणि त्यानंतर एकाही खऱ्या सदस्याची चूक व्हावी लागत नाही. आकडा पाचाचा दहा केलात तरी दोष तोच राहतो. त्रास मात्र खऱ्या नवोदिताला होतो, कारण दहा ओळखीचे लोक त्याच्यापाशीच नसतात.

लेव्हिएन यांनी मोजणी सोडून प्रवाह घेतला. संगणकशास्त्रात याला कमाल प्रवाहाचा प्रश्न म्हणतात, पण ज्याने सावई-वेऱ्याच्या बाजूचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, पाहिले आहे त्याला पुस्तकाची गरज नाही. वरच्या झरीचे पाणी पाटात सोडतात. पाट पोफळींच्या ओळींतून उतरतो. प्रत्येक आळे आपल्यापुरते पाणी घेते आणि उरलेले पुढे जाऊ देते. झरीजवळचा पाट रुंद असतो, खाली खाली अरुंद होत जातो. ॲडव्होगाटोत झरीच्या जागी मोजके बीज-सदस्य, म्हणजे ज्यांच्यावर सुरुवातीपासूनच विश्वास धरला होता असे लोक, होते: खुद्द लेव्हिएन आणि मुक्त सॉफ्टवेअरमधले नामवंत मिगेल दे इकाझा, फेदेरिको मेना आणि ॲलन कॉक्स. तिथून दाखल्यांच्या वाटेने जेवढे अंतर, त्यानुसार प्रत्येक सदस्याची क्षमता ठरे. प्रत्येक जण आलेल्यातला एक भाग स्वतःसाठी ठेवी, बाकीचा आपण दाखला दिलेल्यांकडे सोडी. ज्याच्या आळ्यात पाणी पोचले तो सदस्य. हीच गणना तीनदा होई: मास्टर ठरवताना फक्त मास्टरचे दाखले धरत, जर्नीयर ठरवताना जर्नीयर व त्यावरचे, आणि अप्रेंटिस ठरवताना तिन्ही.

आता फसवणाऱ्याने शेजारच्या कोरड्या भरडावर पाचशे आळी खणून ती एकमेकांना जोडली, तरी पाणी येणार ते आपल्या पाटाला पडलेल्या भगदाडातूनच. समजा, आपल्या दोन गाफील सदस्यांनी त्या खात्यांना शिफारस दिली आणि त्या दोघांची क्षमता प्रत्येकी ४ आहे. प्रत्येकाचा एक भाग स्वतःसाठी जातो, तीन पुढे जातात. म्हणजे फार तर ६ बनावट खाती आत येतील. पाचशेची पाच हजार झाली तरी सहाच. आत आलेल्या सहांनी आणखी कितीही दाखले वाटले तरी नवे पाणी निर्माण होत नाही. नुकसानीची मर्यादा फसवणाऱ्याच्या उद्योगीपणावर ठरत नाही, आपल्यातल्या गाफील माणसांच्या संख्येवर आणि ते झरीपासून किती दूर आहेत यावर ठरते. ॲडव्होगाटोची खरी कमाई मी हीच मानतो.

गणित जिथे थांबते तिथून माणसांचा प्रश्न सुरू होतो, आणि तिथे मी स्वतः चुकलेलो आहे. त्या काळी मी फोंड्यात एका भाड्याच्या खोलीत राहत असे आणि रात्री फोनचे दर उतरले की मोडेम लावून बसे. कित्येक आठवडे ऑब्झर्व्हर राहिल्यावर, फाँटच्या एका संगणक-प्रोग्राममधला लहानसा दोष दुरुस्त करून पाठवला, तेव्हा एका अनोळखी माणसाने मला अप्रेंटिस केले. त्या भाड्याच्या खोलीत मी एकट्यानेच चहा करून तो प्रसंग साजरा केला. पुढे पातळी वाढल्यावर एका परिचिताचे पत्र आले: ‘मला जर्नीयर करा, मीही तुम्हाला करतो.’ त्याच्या कामाची एक ओळही मी वाचली नव्हती. पण लग्नाकार्यात भेटणारा माणूस, नाही कसे म्हणायचे? भिडेपोटी दाखला देऊन टाकला. फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, तरीही अशा भिडेच्या दाखल्यांनी ‘जर्नीयर’ या शब्दाचे वजन उतरते. आपल्या गोव्यात तर सगळे कोणाचे ना कोणाचे शेजारी किंवा सोयरे. तेव्हा हा धोका बनावट खात्यांइतकाच खरा समजा. शिफारस देणाऱ्याला ‘या व्यक्तीचे कोणते काम तुम्ही पाहिले?’ असा एक रकाना सक्तीने भरायला लावा. रिकाम्या रकान्यापुढे भीड पुष्कळदा मोडते.

शिवाय ही पद्धत एकट्या चिकाट माणसाला अडवत नाही. २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड (फायली आकाराने लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर) प्रकरण आठवा: ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे उपयुक्त काम केले, देखभालीचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे तो सापडला. असा माणूस कोणत्याही शिफारस-पद्धतीतून सन्मानाने मास्टर झाला असता. म्हणून नोंदवहीतील पातळी आणि कोडात थेट बदल करण्याचा अधिकार एकमेकांना बांधू नका. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पातही नव्या सदस्याला जुन्या सदस्याचा पाठिंबा लागतो, पण त्याची ओळख आणि त्याचे काम यांची तपासणी स्वतंत्रपणे होते.

आपल्यासाठी माझी सूचना अशी. बीज-सदस्य तीन ठेवा, आणि ते एकाच गावचे, एकाच कचेरीतले किंवा एकाच घरातले नसावेत. मुख्य म्हणजे ओळखीच्यालाही ‘नाही’ म्हणू शकतील असे असावेत, मग कामात ते थोडे कमी नामवंत असले तरी चालतील. चाळीस जणांसाठी ही गणना साध्या संगणकावर डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, तेव्हा दर रात्री ती नव्याने चालवा. नवख्याला लिहिण्याची मुभा जरूर द्या, पण त्याच्या मजकुरातले दुवे पातळी मिळेपर्यंत दाखवू नका. बनावट खाती बहुधा त्या दुव्यांसाठीच येतात. आणि दिलेली शिफारस गाजावाजा न होता मागे घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. ॲडव्होगाटोवर दाखला बदलता येत असे. मी त्या परिचिताचा दाखला आठ महिन्यांनी उतरवला, आणि पुढच्या लग्नात त्याने मला जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवून घेतले. त्याने तो बदल पाहिलाच नव्हता.