चार फुटी रीफ टँकवर जायचंय? सामान आधी जमवा, माशांना दिवाळीनंतर हलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सव्वाशे लिटरची रीफ टँक (कोरल असलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) दीड वर्ष नीट चाललीय, त्यात दोन क्लाऊनफिश, एक गोबी, थोडे झोआ आणि मशरूम हे मऊ कोरल. आता चार बाय दोन बाय दोन फुटांची टँक करायची आहे. सगळं एका दिवसात हलेल का, आणि सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसवणं, परत पहिल्यापासून करावी लागेल का?

हलेल की. आणि सायकल पहिल्यापासून करावी लागणार नाही. अमोनियाचं नायट्राईट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर चिकटलेले असतात. जुना लाईव्ह रॉक (जिवाणू बसलेला सच्छिद्र दगड) ओला ठेवून नव्या टँकमध्ये नेलात की तुमची गाळणी सोबतच गेली. मासे तेवढेच ठेवलेत तर त्या जिवाणूंना काम झेपतं. मीही लहान टँकवरून असाच मोठ्या टँकवर आलोय. हलवण्याच्या दिवसाचं टेन्शन सगळ्यांनाच येतं, पण खरं काम त्याच्या आधीच्या महिन्याभरात असतं. जमीन, पाणी, वीज आणि महिना कुठला, या चार गोष्टी आधी मार्गी लावा.

जमिनीपासून सुरू करतो, कारण दुसरा मजला म्हणालात. चार बाय दोन बाय दोन म्हणजे सोळा घनफूट, काठोकाठ साधारण ४५० लिटर. खाली सम्प (पंप आणि गाळणीची दुसरी टाकी) धरला की पाणीच पाचशे लिटरच्या आसपास जातं. १२ मिमी काचेची टँक रिकामीच नव्वद किलोच्या घरात भरते. त्यावर दगड, वाळू, लोखंडी स्टँड. सगळं मिळून साडेसातशे किलो धरून चाला, आणि हे सगळं आठ चौरस फुटांवर. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा वापरभार धरतात. आठ चौरस फूट म्हणजे पाऊण चौरस मीटरसुद्धा भरत नाही, म्हणजे त्या हिशेबाच्या पाचपट भार. म्हणून स्लॅब लगेच बसेल असं नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. पण टँक खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीत तर अजिबात नको. बीमच्या वर, भिंतीला लागून अशीच जागा शोधा आणि बिल्डिंगचं ड्रॉइंग घेऊन एखाद्या आरसीसी कन्सल्टंटला दाखवा. त्याची फी टँकच्या खर्चापुढे किरकोळ आहे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत कुणाचा जुना वाडा असेल आणि वर लाकडी माडी असेल, तर त्यांनी ही टँक तळमजल्यावरच करावी, तिथं चर्चाही नको.

स्टँडच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. उद्यमनगरात चौकोनी पाइपचा असा स्टँड बनवून देणारे फॅब्रिकेटर हवे तेवढे आहेत. त्यांना दोन गोष्टी ठणकावून सांगा. खाली चारच पाय नकोत, पूर्ण चौकट हवी, म्हणजे वजन चार बिंदूंवर येत नाही. आणि साधा ऑइल पेंट नको, इपॉक्सी किंवा पावडर कोटिंग हवं, कारण मिठाचं पाणी उडून उडून लोखंड खातं. घरात आणल्यावर लेव्हल बघितल्याशिवाय टँक वर चढवायची नाही, आणि मध्ये फोम किंवा थर्माकोलची शीट टाकायची. नव्वद किलोची काच जिन्याच्या वळणावर फिरवणं हे वेगळंच प्रकरण आहे. जिना अरुंद असेल तर टँकवाल्याला घरी येऊन जागेवरच चिकटवायला सांगा. सिलिकॉन वाळायला आठवडा द्या, मग नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरून तीन-चार दिवस तशीच ठेवा. गळायची असेल तर तेव्हाच गळू दे.

याच वेळी आणखी एक चाचणी घ्या, जी बरेच जण टाळतात. सम्पचं प्लंबिंग जोडून पंप चालू करा आणि मुद्दाम लाईट घालवा. पंप बंद झाला की वरचं पाणी रिटर्नच्या (सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या) पाइपमधून उलटं खाली येतं. तेवढं पाणी मावायला सम्पमध्ये रिकामी जागा पाहिजे. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडलं की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक दर महिन्याला साफ करा, नाहीतर शेवाळानं बुजतं आणि पहिल्या लोडशेडिंगला पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये टपकायला लागतं. टँकच्या लाईनला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) हवाच, यात तडजोड नाही.

आता पाणी. घरातल्या पिण्याच्या आरओचं चालेल का, हे तुम्ही पुढे विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो: नाही. त्या मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आपल्याला आरओच्या पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या रेझिनचं) लावून टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या) शून्य दाखवणारं पाणी लागतं. उरलेल्या क्षारांत फॉस्फेट आणि सिलिकेट असलं की शेवाळ माजतं, तांबं असलं की कोळंबी-गोगलगाय मरतात. महापालिकेच्या पाण्यावर डीआय रेझिन बऱ्यापैकी टिकतं. सोसायटी टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र ते भराभर संपेल, तेवढं वॉचमनला विचारून घ्या. पाचशे लिटर गोळा व्हायला छोट्या मशीनला दोन-तीन दिवस सहज लागतात.

रत्नागिरी किंवा मालवणहून समुद्राचंच पाणी आणायचा विचार प्रत्येकाच्या डोक्यात एकदा येतोच. घाटातून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पाचशे किलो पाणी ओढायचं, तेही खाडीचं किंवा जेटीजवळचं नको, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता पार उतरलेली. एकदा होईल हे, पण मोठ्या टँकचे वॉटर चेंज (थोडं जुनं पाणी काढून नवं घालणं) कायम करायचे असतात. माझं मत साफ आहे: पाकिटातलं सॉल्ट (रीफ टँकसाठीचं तयार समुद्री मीठ) वापरा. पाचशे लिटरला अठरा-एकोणीस किलो लागेल, पुढच्या वॉटर चेंजसाठी वेगळं. रत्नागिरीला जाच, पण झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघायला जा.

पहिल्या वेळी सॉल्ट थेट नव्या टँकमध्येच मिसळता येतं, कारण आत अजून जीव नाही. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) चालू ठेवून एक दिवस फिरू द्या, मग क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे घनता १.०२६ च्या आसपास आणा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नको, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या. जुन्या टँकची क्षारता वेगळी असेल तर आठवडाभर आधीपासून हळूहळू तिला नव्याच्या जवळ न्या. तापमान दोन्हीकडे २५-२६ अंश. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम असलं की सॉफ्ट कोरलला पुरे.

आता महिना. हे बाहेरच्या शहरातला माणूस तुम्हाला सांगणार नाही. जून ते सप्टेंबर हलवाहलवी करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूरच्या पुरात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण टँकवाल्यासाठी पुराचा अर्थ वेगळा असतो. दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण वीज जाते, उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळाला पाणी येत नाही, आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पुण्या-मुंबईहून सॉल्टचं पाकीटही येत नाही. नुकतीच हललेली टँक अशा आठवड्यात सापडली तर करण्यासारखं हातात काही उरत नाही. एप्रिल-मेही नको, तेव्हा पारा ३८ च्या वर जातो आणि नवी टँक गार ठेवण्यातच जीव जातो. दिवाळी आटोपली की करा. हवा बरी असते, वीज बऱ्यापैकी टिकते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत टँक मुरायला सहा-सात महिने मिळतात.

थंडीत रात्री पारा पंधराच्या खाली उतरतो, त्यामुळे हीटर लागेल. तीनशे वॅटचा एक घेण्यापेक्षा दीडशेचे दोन घ्या. एक चालूच अडकून बसला तरी तेवढ्यानं टँक शिजत नाही. उन्हाळ्यात चिलरची घाई करू नका. आपल्याकडे एप्रिलची दुपार कोरडी असते, पाण्यावर आडवे पंखे लावले की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र साधं आरओ-डीआय पाणीच घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही.

विजेचं गणित करून ठेवा. पंप, स्किमर (फेसासोबत घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर मिळून शंभर वॅट चोवीस तास, दीडशे वॅटचा लाईट नऊ तास, म्हणजे दिवसाला पावणेचार युनिट. महिन्याला एकशे दहाच्या आसपास, हीटर वेगळा. महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो, त्यामुळे घरच्यांना आधीच कल्पना द्या. इन्व्हर्टरवर फक्त एक डीसी वेव्हमेकर आणि जमलं तर रिटर्न पंप ठेवा. लाईट गेल्यावर मासे सगळ्यात आधी ऑक्सिजनअभावी मरतात. पंचवीस वॅटचा वेव्हमेकर दीडशे एएचच्या बॅटरीवर दीड-दोन दिवस निघतो. जोडीला सेलवर चालणारा एअर पंप असू द्या.

हलवण्याचा दिवस आता सोपा वाटेल. नवं पाणी तयार आहे, तापलंय, फिरतंय. सकाळी जुन्या टँकमधलं वरचं स्वच्छ पाणी दोन-तीन बादल्यांत काढा. आधी कोरल काढून बादलीत, मग दगड दुसऱ्या बादलीत, बुडालेलेच. दगड निघाले की मासे पकडायला पाच मिनिटं लागतात. आधी पकडायला गेलात तर दुपार होईल आणि गोबी हाताला लागणार नाही. दगड नव्या टँकमध्ये थेट काचेवर टेकवून रचा, वाळू त्यानंतर. गोबी खालून वाळू उकरते, आणि वाळूवर उभा केलेला दगड एक दिवस काचेवर कोसळतो.

जुनी वाळू आणू नका. मोह होतो, कारण त्यातही जिवाणू आहेत. पण दीड वर्षाचा गाळ, अमोनिया आणि खोल थर असेल तर हायड्रोजन सल्फाईड एकदम पाण्यात सुटतं. वरच्या थरातली वाटीभर घेतली तर बास. नवी वाळू धुऊन घाला. पाणी गढूळ होईल, ते निवळू द्या, मग कोरल आणि शेवटी मासे. त्यानंतर आठवडाभर रोज अमोनिया तपासा आणि खाणं निम्मं ठेवा.

दगड कमी पडणार हे नक्की. ड्राय रॉक घेणार असाल तर महिनाभर आधी खाऱ्या पाण्यात भिजवा आणि त्यातले थोडे तुकडे जुन्या टँकमध्ये मागच्या बाजूला टाकून ठेवा, म्हणजे जिवाणू बसतात.

यानंतरचे तीन महिने लोकांना जड जातात. मासे तेवढेच, पाणी चौपट, त्यामुळे नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर येतात. शून्य बघून खूश होऊ नका. कोरल फिके पडतात आणि दगडावर तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येतो, ते डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) असू शकतात. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असू द्या. स्किमर पहिल्या दिवसापासून पूर्ण जोरात चालवायची गरज नाही. नवा लाईट अर्ध्या ताकदीवर सुरू करून महिन्याभरात चढवा. जागा मोकळी दिसते म्हणून लगेच पाच मासे आणू नका, एक आणा, दोन-तीन आठवडे थांबा. ब्लू टँग चार फुटांत आणूच नका, त्याला पोहायला सहा फूट लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मोठी टँक झाली की दुकानदार विचारेल, “हार्ड कोरल देऊ का?” वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण कोरल, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला कोरलचा तुकडासुद्धा उचलून टँकमध्ये ठेवायचा नाही. झोआ, मशरूम, लेदर, झेनिया एवढ्या सॉफ्ट कोरलवर चार फूट भरगच्च दिसतात. विजयदुर्गच्या समोर शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळमंच आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. आपल्याकडचे कोरल तिथंच राहू देत.

आणि जुनी टँक विकायची घाई करू नका. तिच्यात स्पंज फिल्टर आणि दोन पाइपचे तुकडे टाकून क्वारंटाईन टँक (नवे मासे वेगळे ठेवायची) करा. नवा मासा तिथं महिनाभर ठेवा. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध तिथंच द्यायचं. मोठ्या टँकमध्ये ते पडलं तर कोरल आणि गोगलगायी जातात, दगडातही मुरून बसतं.