ताट वेगळं कशाला? ब्लेड वेगळं ठेवा

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ आलं. दारू नाही, कसलं व्यसन नाही. १९९४ मध्ये अल्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. आईनं त्यांचं ताट वेगळं केलंय.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताट आधी मांडणीत परत जाऊ द्या. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी, यकृताला सूज आणणारा विषाणू. तो रक्तातून रक्तात जातो. उष्टं, खोकला, मिठी यांतून नाही. १९९४ च्या रक्तावर संशय घ्यायला जागा आहे. हा विषाणू ओळखलाच गेला १९८९ मध्ये, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली २००१-०२ च्या सुमारास. त्याआधी रक्त घेतलेल्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी चाचणी करून घ्यावीच. एकच सिरिंज ओळीनं सगळ्यांना टोचणारे दवाखानेही तितकेच संशयित. मूळ शोधत मात्र बसू नका, ते बहुधा सापडत नाही.

रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे शरीराची विषाणूशी कधीतरी गाठ पडली, एवढंच. दहातल्या साधारण तिघांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपणहून जातो, अँटिबॉडी (त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेलं प्रथिन) तेवढी उरते. म्हणून पुढची चाचणी ‘एचसीव्ही आरएनए’, म्हणजे विषाणू आजही रक्तात आहे का ते पाहणारी. ती निगेटिव्ह आली तर औषधाची गरज नाही. पॉझिटिव्ह आली तर यकृताची तपासणी करून सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या, सहसा १२ आठवडे. सिरोसिस (यकृत कायमचं कडक होणं) असेल तर औषध किंवा मुदत बदलते. शंभरातले ९५ च्या आसपास बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी-उपचार मोफत आहेत, ससून रुग्णालयात चौकशी करा. हृदयासाठी अमायोडॅरोन चालू असेल तर आधी सांगा, कारण सोफोस्बुव्हिरसोबत नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. हिपॅटायटिस बी चीही तपासणी आधी हवी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. ही तपासणी लोक हमखास चुकवतात.

आईची एकदा चाचणी करा. रेझर, टूथब्रश, नेलकटर प्रत्येकाचं स्वतंत्र. दोघांना मधुमेह असेल तर साखर तपासायचं सुईचं पेनही.

प्रश्न : पालखीच्या पुणे मुक्कामात आमचं मंडळ वारकऱ्यांची मोफत दाढी करून देतं. काय काळजी घ्यावी?
– एक कार्यकर्ता, नाना पेठ

उत्तर : कारागीर ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात. दर चेहऱ्याला नवं अर्धं, म्हणजे २०० जणांना १०० ब्लेड. तुटफुटीसाठी २० जादा आणा. खरी गोम वस्तऱ्याच्या खाचेत आहे. फेस आणि रक्त तिथं सुकतं, आणि सुकलेल्या रक्तातही विषाणू काही आठवडे तग धरू शकतो. एका कारागिरामागे तीन-चार वस्तरे फिरते ठेवा : आधी साबणानं घासायचा, मग एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) दहा मिनिटं, मग पाण्यानं खळबळून पुसायचा. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भागात चार भाग पाणी. फेस तसाच राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं करा. डेटॉलच्या वाटीत नुसतं बुडवून काढण्यानं काही साधत नाही.

आणि ती तुरटी! एकच खडा शंभर गालांवरून फिरतो. कापलं तर निर्जंतुक कापूस दाबा आणि टाकून द्या. वापरलेली ब्लेडं जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये; कचऱ्याच्या पिशवीत गेली की सकाळी सफाई कामगाराचा हात कापतो. तसं झालंच तर जखम पिळू नये, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवावी. संसर्ग टाळणारी गोळी किंवा लस हिपॅटायटिस सी साठी नाही; लगेच एक चाचणी, मग तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए.

प्रश्न : टॅटूची सुई माझ्यासमोर नवी फोडली. तरी धोका?
– एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : शाई कुठली, ते पाहिलंत का? आधीच्या गिऱ्हाइकाच्या कपातली उरलेली असेल तर धोका आहे. अँटिबॉडी दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी चाचणी करा. रक्तदान वर्षभर नको.